दाढ दुखते तेव्हा : रात्रीचा उतारा आणि सकाळचे काम

एरवी या कार्यक्रमात आपण बियाणं, खतं, फवारणी, जनावरांचे रोग यांवर बोलतो. आज शेत कसणाऱ्या माणसाच्या तोंडाविषयी बोलायचं आहे. विषय किरकोळ वाटेल, पण ज्याची दाढ ठणकते त्यालाच तिची किंमत कळते. आणि दाढ दुखायला मुहूर्त लागत नाही. नेमका वाफसा आलेला असतो, सकाळी तिफण धरायची असते, मजूर सांगून ठेवलेले असतात आणि रात्री दहा-अकराच्या सुमाराला दाढ ठणकायला लागते. तालुक्याचा दवाखाना लांब, गाडी सकाळची. मग घरात जे असेल त्यावर रात्र काढावी लागते.

ती रात्र कशी काढावी, हे आज सांगणार आहे. त्याचबरोबर दुसरी एक गोष्ट सांगायची आहे आणि ती पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. घरगुती उपायाने दुखणं शमतं, दाढ बरी होत नाही. उतारा रात्रीपुरता असतो, सकाळचं काम वेगळं असतं. हा फरक न समजल्यामुळे पुष्कळ माणसं दाढ गमावतात आणि एखाद्याच्या जिवावरही बेततं.

दाढ का दुखते?

स्वयंपाकघरात शहाबादी फरशी असेल तर एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. फरशीवर लिंबाचा रस सांडला आणि लगेच पुसला नाही, तर तिथं पांढरट, खरबरीत डाग पडतो. आंबट रसाने फरशीतला चुना खाल्लेला असतो. दाताचं तसंच आहे. दातावरचं कवच शरीरातल्या कुठल्याही हाडापेक्षा कठीण असतं, पण आम्लापुढे त्याचं चालत नाही.

हे आम्ल येतं कुठून? आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जंतू असतात. दातांवर जो चिकट थर साचतो, त्यात ते राहतात. आपण साखर, गूळ, बिस्किट, गोड चहा घेतला की त्यातली साखर ते खातात आणि आम्ल सोडतात. एका वेळच्या गोडाने साधारण अर्धा तास हे आम्ल दाताला झोंबत राहतं. दिवसातून सहा वेळा गोड चहा झाला, तर सहा वेळा हा मारा होतो. गूळ घरचा, बिनरसायनाचा असला तरी दाताला तो साखरच आहे.

कवचाला संवेदना नसते, म्हणून सुरुवातीला काही कळत नाही. कवच पोखरून खड्डा आतल्या थरापर्यंत गेला की थंड पाणी, गरम चहा, गोड लागून कळ येते. आणखी खोल गेला की दाताच्या मधोमध जी नस आणि रक्तवाहिन्या असतात, त्यांना सूज येते. बोट सुजलं तर कातडी ताणली जाते. दाताच्या आतली खोली मात्र चारी बाजूंनी टणक, तिथं सुजेला जागाच नाही. म्हणून ठणका असह्य होतो. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, म्हणून दाढ दिवसापेक्षा रात्री जास्त ठणकते.

रात्रीचे उपाय

आता घरात काय करता येईल ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, तोंड साफ करा. एक पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवा. घोट घेऊन दुखऱ्या बाजूला अर्धा मिनिट खेळवा आणि थुंकून टाका. असा सगळा पेला संपवा. दाढेच्या खड्ड्यात किंवा दोन दातांच्या फटीत अन्नाचा कण, मांसाचा दोरा अडकलेला असतो, तो पुष्कळदा एवढ्यानेच निघतो आणि निम्मं दुखणं उतरतं. निघाला नाही तर स्वच्छ दोरा फटीतून हळूच फिरवावा. सुई, टाचणी, खिळा, काडेपेटीची काडी यांनी कोरू नये. मिठाच्या पाण्याच्या चुळा तीन-चार तासांनी पुन्हा करता येतात.

दुसरी गोष्ट, लवंग. आजीच्या बटव्यातला हा उपाय खरा आहे. लवंगेत युजेनॉल नावाचं तेल असतं, ते नस काही वेळ बधिर करतं. दातांचे डॉक्टर दाढ तात्पुरती भरतात, त्या मसाल्यातही हेच युजेनॉल जस्ताच्या पांढऱ्या भुकटीत कालवून वापरतात. एक लवंग जराशी ठेचून दुखऱ्या दाढेवर धरावी, चघळत बसू नये. लवंगेचं तेल असेल तर ते तसंच बोटाने हिरडीवर चोळू नये, हिरडी भाजते. एक थेंब लवंगतेल, दोन-तीन थेंब गोडेतेल एकत्र करून त्यात कापसाचा अगदी लहान बोळा भिजवावा, पिळावा आणि चिमट्याने फक्त दाढेच्या खड्ड्यात ठेवावा. काही मिनिटांनी काढून टाकावा. तेल गिळू नये. लहान मुलांना लवंगतेल अजिबात देऊ नये. त्यांच्या पोटात थोडं गेलं तरी विषबाधा होऊ शकते. बाटली त्यांच्या हाती लागणार नाही अशी वर ठेवावी.

तिसरी गोष्ट, गार शेक. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून, नाहीतर माठातल्या गार पाण्याची घडी करून, गालावर बाहेरून दहा-पंधरा मिनिटं धरावी. थोडं थांबून पुन्हा धरावी. गार शेक बाहेरूनच द्यायचा, बर्फ दाढेवर ठेवायचा नाही.

चौथी गोष्ट, उशाला दोन उशा किंवा गोधडीची वळकटी घेऊन डोकं उंच ठेवावं. वर सांगितलं तसा रक्ताचा जोर कमी होतो आणि ठणका उतरतो. खर्च काही नाही.

पाचवी गोष्ट, गोळी. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक, फार दुखत असेल तर दोन गोळ्या पाण्याबरोबर घेता येतात. पुन्हा लागली तर सहा तासांनी. चोवीस तासांत 500 च्या आठ गोळ्यांच्या वर कधीही जाऊ नये. गोळी 650 ची असेल तर एका वेळी एकच. सर्दी-तापाच्या दुसऱ्या गोळ्यांतही हेच औषध असतं, ते यात मोजावं. ज्याला काविळीचा किंवा यकृताचा त्रास आहे, जो रोज दारू पितो, ज्याचं वजन फार कमी आहे, त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक अशा कडक गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नयेत. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार, दमा असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने दुकानदाराच्या सांगण्यावरून तर घेऊच नयेत. लहान मुलांचं औषध वजनावर ठरतं, ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

याशिवाय पेरूच्या पानांचा किंवा बाभळीच्या सालीचा काढा कोमट करून त्याच्या चुळा भरण्याची आपल्याकडे चाल आहे. दोन्ही तुरट आहेत, सुजलेल्या हिरडीला त्याने बरं वाटतं आणि अपाय नाही. हळद-मीठ हिरडीला हलकेच लावायलाही हरकत नाही. पण दाढेतला खड्डा यांपैकी कशानेही भरत नाही, हे ध्यानात असू द्यावं.

हे मात्र करू नका

जिथं दुखतं तिथं माणूस काहीही लावायला तयार होतो, म्हणून हे नीट ऐका.

ॲस्पिरिनची गोळी दाढेजवळ हिरडीत धरून ठेवू नका. गोळी पोटात जाऊन काम करते. हिरडीवर ठेवली तर तिथली कातडी भाजून पांढरी पडते आणि एका दुखण्याची दोन होतात. सोळा वर्षांच्या आतल्या मुलांना तर ॲस्पिरिन द्यायचीच नाही.

लसूण ठेचून तासन्‌तास हिरडीत दाबून ठेवू नका, त्याने फोड येतात. रुईचा चीक आणि बिब्ब्याचं तेल तोंडात घालू नका. चीक डोळ्यात उडाला तर डोळ्याला इजा होते आणि बिब्बा कसा उततो ते तुम्हाला सांगायला नको.

रॉकेल, पेट्रोल, बॅटरीतलं पाणी, कीटकनाशकाचा बोळा यांतलं काहीही दाढेला लावू नका. फवारणीचं औषध कीड मारतं म्हणून दाढेची कीड मारील, असा हिशेब कुणी सांगितला तर त्याचं ऐकू नका. ते विष आहे आणि तोंडातून ते सरळ अंगात भिनतं.

दारूची चूळ भरून किंवा दारू पिऊन दाढ थांबत नाही. वर पॅरासिटामॉल घेतली तर यकृतावर दुहेरी भार पडतो.

गाल सुजला असेल तर बाहेरून गरम वीट, तवा किंवा गरम फडक्याचा शेक देऊ नका. उष्णतेने आतला पू पसरतो, गालाच्या कातडीतून फुटूही शकतो.

घरात कुणाच्या तरी दुखण्यातून उरलेल्या अँटिबायोटिकच्या कॅपसुला घेऊ नका. त्या ठणका थांबवीत नाहीत. अर्धवट घेतल्या तर पुढे खरी गरज पडेल तेव्हा त्यांचा गुण येईनासा होतो.

धुरी आणि दातातली कीड

बाजारात, जत्रेत दातातली कीड काढून देणारे लोक तुम्ही पाहिले असतील. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देतात, नळीने धूर दाढेपर्यंत सोडतात आणि पाण्याच्या वाटीत पांढऱ्या अळ्या पडलेल्या दाखवतात. दाढेत अळी असते ही समजूत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेतही कृमिदंत असा रोग सांगितला आहे आणि जगात इतर देशांतही लोक असंच मानीत. फ्रान्समधील पिएर फोशार या दंतवैद्याने 1728 साली आपल्या ग्रंथात ही समजूत खोडून काढली. पुढे 1890 साली मिलर नावाच्या शास्त्रज्ञाने जंतू, साखर आणि आम्ल यांचा संबंध दाखवून दिला. वाटीत दिसतात त्या अळ्या म्हणजे बहुधा उष्णतेने फुटलेल्या बियांतला कोंब असतो. आपण ‘दात किडला’ म्हणतो ते बोलण्यापुरतं ठीक आहे, पण दाढेत भुंगा नाही, म्हणून धुरीने तो पळतही नाही.

मिश्रीविषयी दोन शब्द

हे भगिनींना मुद्दाम सांगतो. दाढ दुखली म्हणून मिश्री लावायला सुरुवात होते आणि दाढ थांबली तरी मिश्री सुटत नाही. तव्यावर भाजली तरी ती तंबाखूच. तिने काही वेळ दुखणं विसरल्यासारखं होतं, ते तिच्यातल्या निकोटीनमुळे. तेच द्रव्य सवय लावतं. मग दिवसातून एकदा, दोनदा, पाचदा. हिरड्या दातांपासून सुटतात, दात हलतात आणि पुढे तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतो. तंबाखू घातलेली दंतमंजनं आणि टूथपेस्ट यांवर केंद्र सरकारने 1992 साली बंदी घातली. घरी भाजलेल्या मिश्रीला मात्र कायदा आडवा येत नाही, तिथं आपणच आडवं यायचं. गुटखा, मावा, तंबाखू-चुना हे दाढदुखीवर उपाय म्हणून घेणाऱ्या बंधूंनाही हेच सांगणं आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर दुखत नसलं तरी डॉक्टरला दाखवा.

दाढ आपोआप थांबली तर?

इथं पुष्कळजण फसतात. चार दिवस ठणकलेली दाढ पाचव्या दिवशी एकदम शांत होते. माणूस म्हणतो, लवंगेचा गुण आला. बहुतेक वेळा झालेलं असतं ते असं की दाढेतली नस मेलेली असते. मेलेली नस दुखत नाही, पण जंतू मुळातून खाली हाडात उतरत राहतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, गाल सुजतो, ताप येतो. म्हणून थांबलेली दाढ बरी झाली असं धरून चालू नका. ज्या दाढेने एकदा रात्रभर जागवलं, ती डॉक्टरला दाखवलीच पाहिजे.

सकाळची वाट पाहू नका, अशी लक्षणं

गाल किंवा जबड्याखाली सूज येऊन ती गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सरकते आहे; दाढदुखीबरोबर ताप आणि थंडी आहे; तोंड उघडत नाही; घोट गिळता येत नाही, लाळ गळते; जीभ वर उचलल्यासारखी वाटते, बोलणं जड झालं; श्वास घ्यायला त्रास होतो. यांपैकी काहीही दिसलं तर लवंग, मीठ, गोळी सगळं बाजूला ठेवा आणि त्याच रात्री रुग्णालय गाठा. दाढेचा पू गळ्यात उतरला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते आणि त्यात माणूस दगावतो. महाराष्ट्रात 108 क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका मिळते. वाहन येईपर्यंत रोग्याला आडवं न करता बसवून ठेवावं.

आणखी एक. वयस्क माणसाचा खालचा जबडा दुखतो, बरोबर छातीत दाब, दरदरून घाम, डाव्या हाताला कळ असेल, तर ती दाढ नसून हृदय असू शकतं. तिथंही एक मिनिट घालवू नये.

सकाळचं काम

रात्र निघाली की कामाच्या आधी दवाखाना. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो, पुष्कळ उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतही दातांचे डॉक्टर असतात. कोणत्या वारी असतात ते गावच्या आशाताईंना विचारून ठेवावं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत.

खड्डा लहान असेल तर डॉक्टर तो साफ करून भरतात. काम थोडक्या वेळात होतं आणि खर्चही कमी. नसेपर्यंत गेला असेल तर मुळांची सफाई करून दाढ वाचवता येते, त्याला दोन-तीन खेपा लागू शकतात. अगदीच गेली असेल तर काढावी लागते. पहिल्या कळेला गेलं तर पहिलं काम, उशीर केला तर तिसरं, एवढा सरळ हिशेब आहे.

वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, ही भीती मनातून काढून टाका. दाताची नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी. दाढ काढल्याने नजर जात नाही. पिकलेली वरची दाढ तशीच ठेवली, तर मात्र पू डोळ्यापर्यंत जाऊ शकतो.

गरोदर बाईचे दातांचे उपचार करता येतात. चौथ्या ते सहाव्या महिन्याचा काळ जास्त सोयीचा. महिना किती ते डॉक्टरला आधी सांगावं. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचं दुखणं किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगावं. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

दाढ काढल्यावर कापूस साधारण अर्धा तास दाबून धरावा. त्या दिवशी वारंवार थुंकू नये, जोराने चुळा भरू नयेत, विडी-तंबाखू घेऊ नये. मिठाच्या पाण्याच्या चुळा दुसऱ्या दिवसापासून.

पुढे दुखू नये म्हणून

सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी, असे दोनदा दात घासावेत. रात्रीचं घासणं जास्त गरजेचं, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. फ्लोराइड असलेली पेस्ट मोठ्या माणसाला वाटाण्याएवढी पुरे. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वापरायची तर टोक चांगलं चावून मऊ करावं, हिरडी सोलवटू नये. राख, वीटकरीची भुकटी, कोळसा यांनी कवच झिजतं. मुलांच्या खालच्या दाढांपैकी पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये, ती पडून पुन्हा येत नाही.

बंधूंनो, बांधाला भोक पडलं तर आपण पहिल्या पावसात मूठभर माती टाकून बुजवतो, बांध वाहून जाण्याची वाट पाहत नाही. दाढेला तोच न्याय लावा. मीठ, लवंग, गार शेक आणि एखादी गोळी यांवर रात्र काढा, पण दुसऱ्या दिवशीच्या कामांच्या यादीत दवाखाना सर्वांत वर लिहा. आणि सूज गळ्याकडे निघाली असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.